घाई गृहप्रवेशाची, शिक्षा भिंतीला!

नव्या घराचा गिलावा बोटाला कोरडा लागला, की लगेच रंगाऱ्याला बोलावणं जातं. घर झक्कास दिसतं, पाहुणे वाहवा करतात... आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. कोलकात्याच्या न्यू टाउनसारख्या दमट ठिकाणी हा प्रकार अधिकच घडतो. मग शिव्या कुणाला? रंगाच्या कंपनीला, नाहीतर रंगाऱ्याला. बिचाऱ्या ओल्या भिंतीचं म्हणणं कुणीच ऐकून घेत नाही!

ऑगस्ट अखेरीस फ्लॅटची चावी हातात येते. बाहेर पाऊस चालूच असतो. आत पाऊल टाकावं तर ओल्या सिमेंटचा थंडगार वास, खिडक्यांच्या काचांवर धुकं आणि राखाडी भिंतींवर कुठे गडद, कुठे फिकट असे नकाशे. दुर्गापूजा महिना-दीड महिन्यावर आलेली. पूजेच्या आधी नव्या घरात जायचं, ही बंगाली कुटुंबाची हौस. समजा घर घेणारं कुटुंब मराठी असेल, पुण्याहून किंवा नागपूरहून नोकरीनिमित्त आलेलं, तर त्यांचा दसऱ्याचा मुहूर्त ठरलेला. शेवटी तारीख एकच! भरीला घरकर्जाचा हप्ता सुरू झालेला आणि जुन्या जागेचं भाडंही चालूच. अशा वेळी कंत्राटदार भिंतीवर हात फिरवतो आणि सांगतो, ‘‘दादा, एकदम सुकली आहे. उद्यापासून पुट्टी लावायला घेऊ?’’

दादाही मान डोलावतात. इथेच पहिली चूक होते आणि ती निस्तरायला पुढे वर्ष-दोन वर्षं लागतात.

न्यू टाउन हे कोलकात्याच्या ईशान्येचं नवं नगर. राजारहाट परिसरातल्या भातखाचरांच्या आणि मासे पोसणाऱ्या तळ्यांच्या जमिनीवर ते उभं राहिलं. ते वसवण्यासाठी ‘हिडको’ हे सरकारी महामंडळ १९९९ मध्ये स्थापन झालं. आज तिथे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, ४८० एकरांचा इको पार्क आहे आणि अ‍ॅक्शन एरिया एक, दोन, तीन अशा लष्करी थाटाच्या नावांच्या भागांत उंचच उंच रहिवासी मनोरे आहेत. पण जमिनीचा मूळ स्वभाव काही जात नाही. जवळच पूर्व कोलकात्याची विस्तीर्ण पाणथळ जमीन आहे, जिला २००२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळालं. शेजारच्या विधाननगरचं तर रोजच्या बोलण्यातलं नावच ‘सॉल्ट लेक’! खाऱ्या पाण्याचा तो पाणथळ भाग हुगळी नदीच्या गाळानं भरून काढण्याचं काम १९६० च्या दशकात झालं आणि त्यावर शहर वसलं.

थोडक्यात, पाणी आणि मीठ हे इथल्या घरांचे जुने शेजारी. भिंतीवर पांढरी भुकटी फुलून रंग सुटायला लागला की बंगाली माणूस म्हणतो, ‘नोना धरलं’. आपल्याकडे कोकणातल्या आजीला विचारा, ती म्हणेल, ‘भिंतीला लोणा लागला’. शब्द जवळजवळ तोच, दुखणंही तेच. विटांमधले, वाळूतले किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार भिंतीतल्या ओलाव्यात विरघळतात. ओलावा हवेकडे निघाला की त्याच्याबरोबर भिंतीच्या तोंडाशी येतात. पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. वाटेत रंगाचा पडदा असेल तर ते मीठ पडद्यामागे साचतं आणि पडदा फुगवून टाकतं.

भिंत किती पाणी पिते?

गिलावा म्हणजे सिमेंट, वाळू आणि पाणी. सिमेंटच्या ५० किलोंच्या एका पोत्याला साधारण २५ ते ३० लिटर पाणी लागतं. सिमेंट घट्ट होताना त्यातलं जेमतेम निम्मं स्वतःत बांधून घेतं. उरलेलं सगळं हळूहळू हवेत जायला हवं. शिवाय विटा लावण्याआधी भिजवलेल्या असतात. गिलावा झाल्यावर आठवडाभर तरी त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं असतं, नाहीतर तो तडकतो. ते पाणीही भिंतीतच मुरतं. कोलकात्यात विटा दहा इंच लांब, पाच इंच रुंद. त्यामुळे आतल्या भिंती पाच इंची आणि बाहेरच्या बहुधा दहा इंची. आतला गिलावा असतो फक्त १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा. बोट लावून कळतं ते या थराच्या वरच्या पापुद्र्याबद्दल. आतली वीट अजून पाण्यानं टच्च भरलेली असू शकते!

छताचा गिलावा तर सहा मिलिमीटरच असतो. तो लवकर पांढरा पडतो, म्हणून रंगारी उत्साहानं आधी छताला हात घालतात. पण त्या सहा मिलिमीटरच्या मागे स्लॅब आहे आणि स्लॅब वाळायला भिंतीपेक्षाही जास्त वेळ घेतो.

हे झालं पाण्याचं. दुसरा शत्रू दिसत नाही. सिमेंट पाण्याशी भेटलं की त्यातून चुना तयार होतो आणि नवा गिलावा चांगलाच क्षारधर्मी बनतो. अशा भिंतीवर तेलाचा रंग मारला तर चुना आणि तेल यांची गाठ पडते आणि त्यांचा चक्क साबण होतो! रंग चिकट होतो, ठिपके पडतात, कालांतराने खालून सुटतो. ऑइलबाउंड डिस्टेंपरमध्येही थोडं तेल असतंच, त्यामुळे त्यालाही हा धोका आहे. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक इमल्शन हा मारा जास्त सोसतात, पण त्यातल्या काही रंगछटांचा रंग उडतो. विशेषतः गडद निळे-जांभळे कुठे फिके, कुठे डागाळलेले दिसू लागतात. गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं. दुकानदार म्हणतो, डबा बरोबर होता. दोघंही खोटं बोलत नसतात.

हा चुना आपोआप शांत होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा हळूहळू चुनखडीसारखा निरुपद्रवी पदार्थ बनतो. त्याला लागतात फक्त दिवस.

बारीक नजरेच्या वाचकाला इथे शंका येईल. ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही म्हणता, तर मग जगभरची भित्तिचित्रं कशी टिकली? शंका रास्त आहे. कोलकात्याहून रेल्वेनं काही तासांवर असलेल्या शांतिनिकेतनात, हिंदी भवनाच्या भिंतींवर विनोदबिहारी मुखर्जी यांनी मध्ययुगीन संतांचं जे थोर भित्तिचित्र १९४७ मध्ये पूर्ण केलं, ते ओल्या गिलाव्यावरच रंगवलेलं आहे. पण तो गिलावा चुन्याचा आणि रंग चुन्याला न घाबरणारे, फक्त पाण्यात कालवलेले. चुना वाळताना रंगाचे कण स्वतःतच पकडून ठेवतो. तिथे भिंतीवर पडदा नसतोच, रंग भिंतीचाच भाग होतो. याउलट आपल्या अजिंठ्याच्या चित्रकारांनी मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात दिला, तो वाळू दिला आणि मग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. दोन्ही कारागिरांना आपली भिंत कोणत्या अवस्थेत आहे हे पक्कं ठाऊक होतं. डब्यातला आजचा इमल्शन म्हणजे प्लास्टिकची पातळ चादर. ती ओल्या भिंतीवर पांघरली की आतली वाफ कोंडणारच.

आपली जुनी सफेदी नव्या भिंतीवर बिनधास्त चालायची, त्याचं कारण हेच. चुन्याला चुन्याचं वावडं नाही आणि सफेदीतून भिंत श्वास घेत राहते. पूर्वीची माणसं नव्या घराला नुसता चुना फासून एक पावसाळा जाऊ द्यायची. तेव्हा ती कंजूष वाटायची!

हळदीची परीक्षा, प्लास्टिकची परीक्षा

भिंत वाळली की नाही हे ओळखायला ओलावा मोजणारं छोटं यंत्र मिळतं आणि मोठे कंत्राटदार ते बाळगतातही. पण घरच्या घरी करता येतील अशा दोन परीक्षा आहेत.

पहिली प्लास्टिकची. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद चिकटवायचं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे निदान सोळा तासांनी पाहायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं किंवा त्याखालची भिंत गडद झाली, तर भिंत अजून पाणी सोडते आहे. ही परीक्षा एकाच जागी करून भागत नाही. बाथरूमला लागून असलेली भिंत, पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत, खिडकीखालचा भाग आणि जमिनीपासून हातभर उंचीवरची जागा, ही ठिकाणं चुकवू नयेत. दिवाणखान्याची मधली भिंत नेहमीच पहिल्या नंबरानं पास होते. ती पाहून निकाल लावणारे कंत्राटदार पुष्कळ आहेत.

दुसरी परीक्षा स्वयंपाकघरातली. हळदीत चुना घातला की लाल रंग येतो, कुंकू त्यातूनच तयार व्हायचं, हे मराठी घरात सांगायला नको. टिपकागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायची. भिंतीवर शुद्ध पाण्याचा थेंब लावून त्यावर ती दाबायची. पट्टी लालभडक झाली तर भिंतीतला चुना अजून जागा आहे. पिवळीच राहिली किंवा किंचित तांबूस झाली तर तो बराच शांत झाला आहे. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणून ही पट्टी कुणी मान्य करणार नाही, पण कंत्राटदारासमोर करून दाखवण्याइतकी बोलकी नक्कीच आहे!

मग थांबायचं किती? पाणी मारणं संपल्यावर कोरड्या हवेत किमान चार आठवडे, हा सर्वसाधारण हिशेब. दहा इंची भिंत असेल किंवा हवा दमट असेल तर त्याहून बरंच जास्त. भारतीय मानक ब्यूरोची आयएस २३९५ ही संहिता गिलाव्याच्या रंगकामाबद्दलच आहे आणि रंगवायची भिंत आधी कोरडी हवी, हा तिचाही पाया आहे. पण कोलकात्यात ‘चार आठवडे’ म्हणजे कोणते चार आठवडे, याला फार महत्त्व आहे.

इथे मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो आणि ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. वर्षाला सोळाशे मिलिमीटरच्या वर पाऊस. या काळात खिडक्या उघड्या टाकून भिंत वाळवू म्हटलं, तर बाहेरची हवाच पाण्यानं जड झालेली असते. ती भिंतीचं पाणी घेणार कुठे? एप्रिल-मे मध्ये ऊन कडक असतं, पण घामाच्या धारा लावणारा दमटपणाही असतो आणि संध्याकाळी कालबैसाखीची वादळं येतात. खरा कोरडा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बंगाली माणूस ज्याची वाट पाहतो ती ‘उत्तुरे हवा’, म्हणजे उत्तरेकडून येणारी कोरडी थंड झुळूक, तेव्हाच वाहते. ऑगस्टमध्ये ताबा मिळालेल्या घराच्या भिंतीला ही हवा लागू द्यायची, तर रंग जानेवारीत.

आणि प्रत्यक्षात? रंगाची सगळ्यात मोठी धामधूम पूजेच्या आधी, म्हणजे पावसाळ्याच्या शेपटाला, भिंती सर्वांत ओल्या असताना! आपल्याकडे दिवाळीपूर्वी होते तशीच. रंगाच्या कंपन्यांनाही पूजेचं महत्त्व पुरेपूर ठाऊक आहे. एशियन पेंट्स ही मुंबईत १९४२ मध्ये एका गॅरेजमध्ये सुरू झालेली कंपनी. तिचा ब्रश घेतलेला खट्याळ ‘गट्टू’ १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढला. तिने १९८५ पासून कोलकात्यातल्या उत्तम पूजामंडपांना ‘शारद सम्मान’ द्यायला सुरुवात केली. तसं पाहिलं तर या धंद्याचं माहेर कोलकाताच. शालिमार पेंट्सचा कारखाना हावड्यात १९०२ मध्ये निघाला आणि आजच्या बर्जर पेंट्सची मूळ कंपनी हॅडफिल्ड्स इथे १९२३ मध्ये स्थापन झाली.

पुट्टीखाली झाकलं काय?

एकदा भिंत पास झाली की कामाचा क्रम ठरलेला आहे, पण तो मोडण्यातच अनेकांची कमाई असते. आधी नळकाम पाणी भरून तपासून घ्यायचं. भिंतीत दडलेला सांधा झिरपत असेल तर पुढचं सारं व्यर्थ. इलेक्ट्रिशियनच्या झिऱ्या बुजवून त्याही वाळू द्यायच्या, कारण त्या जागी गिलावा नवा आणि जाड असतो. पांढरी भुकटी दिसली तर कोरड्या ब्रशनं झाडायची. पाण्यानं धुतली तर मीठ विरघळून पुन्हा आतच जातं. भुकटी येणं थांबेपर्यंत तिथे काही लावायचं नाही.

मग पुट्टी. जुने रंगारी खडूची भुकटी आणि जवसाचं तेल कालवून ‘लांबी’ भरायचे. आता पांढऱ्या सिमेंटची तयार पुट्टी पोत्यांतून येते. गंमत अशी, की ही पुट्टी लावताना भिंत किंचित ओलसर करावी लागते. ‘भिंत तर ओलीच हवी ना, वहिनी?’ असा बिनतोड वाटणारा युक्तिवाद त्यातूनच निघतो. वरून शिंपडलेलं पाणी तासाभरात उडतं, विटेतलं पाणी उडत नाही, हा फरक वहिनींनी लक्षात ठेवावा. (बंगाली रंगमिस्त्री त्यांना ‘बौदी’ म्हणेल, अर्थ तोच.) सिमेंटच्या पुट्टीखाली प्रायमर लागत नाही, तो तिच्यावर लावायचा. अ‍ॅक्रिलिक पुट्टी असेल तर मात्र प्रायमर आधी. पुट्टीचे दोन पातळ हात, मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास. वाकडा गिलावा सरळ करायला जाड थर चोपडणं म्हणजे गवंड्याचं पाप रंगाऱ्याच्या माथी मारणं. आणि ओलीवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा मुलामा तर नकोच. तो ओलाव्यानं भुसभुशीत होतो.

पुट्टी घासताना खोली धुक्यानं भरून जाते. काचपेपर घेऊन दिवसभर ही धूळ छातीत घेणारा माणूस बहुधा तोंडाला रुमाल बांधून असतो. बारीक धुळीपुढे रुमालाचा उपयोग फारसा नाही. लाखो रुपयांच्या घरात रंगाऱ्यांसाठी धूळरोधक मास्कचा खर्च चहाच्या खर्चाइतकाही नसतो. तो मालकानंच आणून द्यावा. पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातले गवंडी आणि मजूर देशभर बांधकामांवर जातात. न्यू टाउनच्या मनोऱ्यावर घाम गाळणारा आणि पुण्याच्या हिंजवडीत गिलावा करणारा एकाच गावचे असू शकतात. काम शिकण्याची पद्धतही एकच, बापाच्या किंवा चुलत्याच्या हाताखाली. त्यांना भिंत कळत नाही असं समजू नये. जुना मिस्त्री भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून सांगू शकतो. पण कंत्राट चौरस फुटावर असतं. थांबलेल्या दिवसांचे पैसे त्याला कुणी देत नाही, मग तो ‘थांबा’ कशाला म्हणेल?

चौरस फुटांचा हिशेबही आधीच करून ठेवलेला बरा. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घेतली तर चार भिंतींचे ४४० चौरस फूट. दार-खिडक्यांचे साठेक वजा केले, छताचे १२० मिळवले, की होतात ५००. चांगल्या इमल्शनचे दोन हात द्यायला साधारण चार लिटर रंग पुरतो. अख्ख्या घरासाठी कार्पेट एरियाची साडेतीन पट हा ठोकताळा. दार-खिडक्या वजा करणार की नाही, हे कामापूर्वी लिहून घ्यावं. भांडणं बहुतेक तिथेच होतात.

रंगछटेचं काय? खरं तर त्यावर घरात सर्वांत जास्त चर्चा होते आणि सर्वांत कमी बिघडतं तेच. छोट्या कार्डावरचा रंग भिंतीवर नेहमी गडद भासतो. म्हणून दोन फुटांचा तुकडा रंगवून तो सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात पाहायचा, इतकंच पुरे. जुन्या कोलकात्यात लाल सिमेंटची चकचकीत जमीन, हिरव्या पट्ट्यांच्या खडखडी खिडक्या आणि चुन्याच्या फिकट भिंती असा मेळ असायचा. त्याची बरोबरी हजार छटांच्या संगणकी यंत्राला अजून साधलेली नाही, असं म्हणणारे आजही भेटतात.

छटेपेक्षा डब्यावरचा बारीक मजकूर वाचणं महत्त्वाचं. पिवळ्या-नारिंगी रंगांत आणि लवकर वाळणाऱ्या तेलाच्या रंगांत एकेकाळी शिसं सर्रास असायचं. लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला ते बाधतं आणि मुलं खिडकीचे गज चाटतात, पापुद्रे तोंडात घालतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून हा नियम लागू आहे. दारं, खिडक्या आणि गजांच्या इनॅमलचा डबा घेताना त्यावर हा उल्लेख आहे का, ते पाहावं. बिननावाचा स्वस्त डबा गजासाठी ‘चालतो’ म्हणून घेऊ नये.

हप्ता आणि भाडं यांच्या मधे

आता मूळ अडचण. ऑगस्ट ते जानेवारी हप्ता आणि भाडं दोन्ही भरत बसायचं? मध्यमवर्गीय घराला ते परवडत नाही आणि ‘थांबा’ असा कोरडा सल्ला देणारा ते भाडं भरणार नसतो. पण घाईचाही हिशेब मांडून पाहावा. ओल्या भिंतीवरचा महागडा रंग फुगला, तर नुसता दुसरा हात देऊन भागत नाही. रंग, पुट्टी सारं खरवडायचं, पुन्हा वाळू द्यायचं, पुन्हा पुट्टी, प्रायमर, दोन हात. तेही कपाटं, गाद्या, पुस्तकं, म्हातारी माणसं आणि दमेकरी मूल घरात असताना.

मधली वाट आहे. राहायला जायचं, पण भिंतींना पुट्टी न लावता. क्षार सोसणाऱ्या पाण्याच्या प्रायमरचा एक हात आणि वर सर्वांत साध्या, चकाकी नसलेल्या इमल्शनचा एक पातळ हात. चकाकीचे, धुता येण्यासारखे महाग रंग वाफ जास्त अडवतात. साधा रंग तिला बऱ्यापैकी वाट देतो. या हाताला डाग पडतील, तडे दिसतील. पडू द्यावेत! गळका सांधा कुठे आहे, गिलावा कुठे पोकळ आहे, हे त्या डागांवरूनच कळतं आणि ताबा घेतल्यावर दोष दाखवायची मुदत असते ती याच काळात वापरता येते. भिंतीचे तारखेसह फोटो काढून बिल्डरला पत्र द्यावं. चुन्याची सफेदी त्याहून स्वस्त पडते, पण पुढे इमल्शन लावताना ती पूर्ण खरवडावी लागते. ती मजुरी आधीच धरून ठेवावी.

या पहिल्या काही महिन्यांत बाहेरच्या भिंतींवर काही टांगू नये. कपाट, पलंगाची पाठ आणि देव्हारा भिंतीपासून तीन-चार इंच पुढेच ठेवावा. पाहुण्यांना ते विचित्र दिसेल. पूजेच्या गर्दीत कुणी ना कुणी कपाट मागे ढकलायचा प्रयत्न करेलच, तेव्हा त्यांना आवरावं. डिसेंबरच्या एखाद्या कोरड्या सकाळी त्या कपाटामागे प्लास्टिकचा दीड फुटी तुकडा चिकटवावा आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी जाऊन पाहावा. आत दव नसलं, तर रंगमिस्त्रीला फोन करायला हरकत नाही.